विश्लेषण : एपीआयचे डॉक्युमेंटेशन लिहायचे, पण कोणत्या साधनात?

किराणा दुकानातील क्यूआर कोडवर भरलेले पैसे, मोबाइलवर दिसणारी रेल्वेगाडीची सद्य:स्थिती, जेवण मागवल्यावर नकाशावर सरकणारा डिलिव्हरीवाल्याचा ठिपका… या प्रत्येकामागे एक सॉफ्टवेअर दुसऱ्या सॉफ्टवेअरशी बोलत असते. हे बोलणे ज्या ठरलेल्या नियमांनी चालते, त्यांना एपीआय म्हणतात. हे नियम कुणीतरी नीट लिहून ठेवले नाहीत, तर दुसऱ्या बाजूच्या प्रोग्रॅमरला अंदाजाने काम करावे लागते. ते लिहिण्यासाठी आज डझनावारी साधने उपलब्ध आहेत. काही मोफत, काही दरमहा पैसे घेणारी. निवड मात्र बहुतेक वेळा पान किती देखणे दिसते, यावरून होते. प्रत्यक्षात विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. लिहिलेला मजकूर कोणत्या स्वरूपात आणि कुणाच्या ताब्यात राहणार? कोड बदलला की तो मजकूर कसा बदलणार? हे न विचारता घेतलेले साधन दोन-तीन वर्षांनी अंगाशी येऊ शकते.

एपीआय आणि त्याचे डॉक्युमेंटेशन म्हणजे काय?

एपीआय म्हणजे ‘ॲप्लिकेशन प्रोग्रॅमिंग इंटरफेस’. त्याची तुलना बँकेच्या खिडकीशी करता येईल. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आतला कारभार माहीत असण्याची गरज नसते. कोणता फॉर्म भरायचा, सोबत काय जोडायचे आणि बदल्यात काय मिळणार, एवढे कळले की काम होते. एपीआयमध्येही ठरलेल्या पत्त्यावर ठरलेल्या नमुन्यात विनंती पाठवली, की ठरलेल्या नमुन्यात उत्तर येते. या पत्त्याला ‘एंडपॉइंट’ म्हणतात. एंडपॉइंट कोणते आहेत, विनंतीत कोणते रकाने भरायचे, ओळख कशी पटवायची, चूक झाल्यास कोणता क्रमांक परत येतो, मिनिटाला किती विनंत्या चालतात, हे सारे सांगणारा मजकूर म्हणजे एपीआयचे डॉक्युमेंटेशन. तो वाचणारा बहुधा दुसऱ्याच कंपनीतला प्रोग्रॅमर असतो. त्याला मूळ कोड दिसत नाही आणि तो लिहिणाऱ्याला फोनही करता येत नाही. त्याच्या हातात असते ते फक्त डॉक्युमेंटेशन.

त्यात त्रुटी राहिली तर काय बिघडते?

पैशांच्या व्यवहाराचे उदाहरण घेऊ. स्ट्राइप आणि रेझरपे या दोन्ही पेमेंट कंपन्यांच्या एपीआयमध्ये रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात द्यावी लागते. म्हणजे ५०० रुपये घ्यायचे असतील तर रकान्यात ५०,००० लिहायचे, कारण आकडा पैशांत असतो. जपानी येनला मात्र असे उपएकक वापरात नाही. त्यामुळे स्ट्राइपमध्ये ५०० येन हे ५०० असेच लिहिले जातात. हे एक वाक्य डॉक्युमेंटेशनमधून गळले तर ग्राहकाकडून शंभरावा हिस्सा वसूल होईल किंवा शंभरपट.

दुसरे उदाहरण नेटवर्कचे. पैसे देण्याची विनंती पाठवली आणि उत्तर येण्याआधीच जोडणी तुटली, तर विनंती पुन्हा पाठवावी का? पहिली विनंती पोहोचली असेल तर पैसे दोनदा कापले जातील. यासाठी अनेक एपीआयमध्ये प्रत्येक व्यवहाराला वेगळी खूण देण्याची सोय असते. तीच खूण पुन्हा आली की सर्व्हर व्यवहार दुसऱ्यांदा करत नाही, आधीचेच उत्तर परत पाठवतो. ही सोय कोडमध्ये असूनही डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेली नसेल, तर ती नसल्यासारखीच.

मग साधन आपोआप डॉक्युमेंटेशन बनवते, ते पुरेसे नाही का?

अर्धेच काम होते. कोड वाचून पाने तयार करणारे साधन ‘रक्कम : पूर्णांक, आवश्यक’ एवढे बिनचूक सांगते. तो पूर्णांक रुपयांत आहे की पैशांत, हे त्याला कोडवरून कळत नाही. ते माणसाने लिहावे लागते. म्हणून एपीआयच्या डॉक्युमेंटेशनचे दोन भाग पडतात. पहिला भाग संदर्भाचा, म्हणजे प्रत्येक एंडपॉइंट आणि प्रत्येक रकान्याची यादी. दुसरा भाग समजावून सांगण्याचा : सुरुवात कशी करावी, परतावा कसा द्यावा, चूक आल्यास काय करावे.

दानिएले प्रोचिदा यांनी मांडलेल्या आणि तांत्रिक लेखकांमध्ये रुळलेल्या ‘डायटॅक्सिस’ या पद्धतीत याचेच चार भाग केलेले आहेत : शिकवणारे धडे, एखादे काम कसे करावे याच्या सूचना, संदर्भ आणि स्पष्टीकरण. चारही गोष्टी एकाच पानावर कोंबल्या की वाचणाऱ्याला हवे ते सापडत नाही, हा त्यामागचा विचार. साधन निवडताना त्यामुळे पहिली कसोटी ठरते ती ही, की यंत्राने बनवलेला संदर्भ आणि माणसाने लिहिलेला मजकूर हे दोन्ही त्यात शेजारी शेजारी नांदू शकतात का?

साधनांचे प्रकार कोणते?

ढोबळपणे पाच प्रकार करता येतात. पहिला, कोडमधल्या शेऱ्यांवरून पाने तयार करणारी साधने. जावा भाषेसोबत आलेले ‘जावाडॉक’ आणि १९९७ पासूनचे ‘डॉक्सिजन’ ही त्याची जुनी उदाहरणे. एखादी लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी ती आजही उपयोगी आहेत. दुसरा, एपीआयचे वर्णन करणाऱ्या फाइलवरून पाने बनवणारी साधने. ‘स्वॅगर यूआय’, ‘रिडॉक’, ‘स्केलर’ ही त्यातली परिचित नावे. तिसरा, साध्या मजकुराच्या फाइल्समधून संपूर्ण संकेतस्थळ उभे करणारी साधने. पायथन भाषेच्या डॉक्युमेंटेशनसाठी जन्मलेले आणि २००८ मध्ये बाहेर आलेले ‘स्फिंक्स’, ‘एमकेडॉक्स’, फेसबुकने २०१७ मध्ये खुले केलेले ‘डॉक्युसॉरस’ ही या गटातली. चौथा, पैसे भरून मिळणाऱ्या तयार सेवा. ‘रीडमी’, ‘गिटबुक’, ‘मिंटलिफाय’ यांसारख्या सेवांमध्ये सर्व्हर, शोधाची सोय, वाचकसंख्येचे आकडे असे सारे तयार मिळते. पाचवा, एपीआय तपासण्याची साधने. ‘पोस्टमन’सारख्या साधनात तपासणीसाठी जमवलेल्या विनंत्यांवरूनच डॉक्युमेंटेशन प्रसिद्ध करता येते.

वरवर सारखी दिसणारी साधनेही कामात वेगळी असतात. स्वॅगर यूआयच्या पानावरूनच बटण दाबून खरी विनंती पाठवून पाहता येते. रिडॉकच्या मुक्त आवृत्तीत मांडणी वाचायला सुटसुटीत आहे, पण विनंती पाठवून पाहण्याची सोय नाही. नवख्या वाचकाला पहिली सोय मोलाची वाटते. ज्या एपीआयमध्ये विनंती पाठवताच खरे पैसे हलतात, तिथे मात्र तीच सोय चाचणीच्या वेगळ्या सर्व्हरकडे वळवलेली असावी लागते.

‘ओपनएपीआय’चे नाव सतत का येते?

कारण वर्णनाच्या फाइलचा नमुना आज बहुतांशी त्याच नावाने ओळखला जातो. त्याची सुरुवात झाली ती ‘वर्डनिक’ या ऑनलाइन शब्दकोशाच्या कंपनीत. तिथे टोनी टॅम आणि सहकाऱ्यांनी २०१०च्या सुमारास ‘स्वॅगर’ विकसित केले. एपीआयचे वर्णन यंत्राला वाचता येईल अशा फाइलमध्ये ठेवायचे आणि त्यावरून पाने व इतर कोड तयार करायचा, ही त्यामागची कल्पना. २०१५ मध्ये स्वॅगर ‘स्मार्टबेअर’ कंपनीकडे गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लिनक्स फाऊंडेशनच्या छत्राखाली ‘ओपनएपीआय इनिशिएटिव्ह’ स्थापन झाली आणि वर्णनाचा नमुना तिच्याकडे सोपवण्यात आला. गुगल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, पेपाल यांसारख्या एरवी स्पर्धक असलेल्या कंपन्या त्यात एकत्र आल्या. स्वॅगर हे नाव साधनांपुरते स्मार्टबेअरकडेच राहिले. त्यामुळे आजही अनेक जण दोन्ही नावे एकाच अर्थाने वापरतात.

ही फाइल यामल किंवा जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात असते. तिला बोलीभाषेत ‘स्पेक’ म्हणतात. ती एकदा तयार झाली की एकाच स्पेकवरून स्वॅगर यूआयची पाने बनतात, रिडॉकचीही बनतात आणि पैसे घेणाऱ्या सेवांमध्येही तीच भरता येते. म्हणजे वाचकाला दिसणारे पान बदलले तरी मूळ मजकूर तोच राहतो. साधन बदलण्याचे स्वातंत्र्य यातून मिळते.

अर्थात स्पेकच्या आवृत्तीकडेही लक्ष द्यावे लागते. ३.० ही आवृत्ती जुलै २०१७ मध्ये आणि ३.१ फेब्रुवारी २०२१ मध्ये आली. पण स्वॅगर यूआयला ३.१ नीट वाचता येऊ लागले ते २०२३ मध्ये. नव्या आवृत्तीत स्पेक लिहायची आणि हातातले साधन ती वाचत नाही, असा पेच त्या काळात अनेकांपुढे उभा राहिला.

स्पर्धेत मागे पडलेल्या नमुन्यांचे काय झाले?

२०१३ च्या सुमारास दोन प्रतिस्पर्धी नमुने चर्चेत होते. ‘म्यूलसॉफ्ट’ कंपनीचे ‘रॅमल’ आणि ‘एपियरी’चे ‘एपीआय ब्ल्यूप्रिंट’. दोन्हींचे चाहते होते. ब्ल्यूप्रिंट वाचायला तर साध्या निबंधासारखे सोपे होते. पुढे म्यूलसॉफ्ट स्वत:च २०१७ मध्ये ओपनएपीआय इनिशिएटिव्हमध्ये सामील झाली. त्याच वर्षी ओरॅकलने एपियरी विकत घेतली. त्यानंतर दोन्ही नमुन्यांभोवतीची नव्या साधनांची वर्दळ ओसरली. ज्यांनी शेकडो पाने त्या नमुन्यांत लिहिली होती, त्यांना ती रूपांतरित करण्याचा खटाटोप करावा लागला. रूपांतर करणारी साधने मिळाली, पण स्वरूप बदलताना टिपा आणि उदाहरणे निसटतात, हा अशा कामातला नेहमीचा अनुभव. एखादा नमुना गुणवत्तेत सरस आहे का, याइतकेच तो कुणाच्या हाती आहे आणि किती साधने तो वाचतात, हेही पाहावे लागते.

आधी स्पेक की आधी कोड?

यावरून दोन तट आहेत. एक गट म्हणतो, आधी स्पेक लिहा, त्यावर चर्चा करा, मग कोड लिहा. यात एपीआय वापरणाऱ्यांना काम सुरू होण्याआधीच मत देता येते आणि स्पेकवरून नकली सर्व्हर उभा करून तपासताही येते. दुसरा गट म्हणतो, कोड लिहा, स्पेक त्यातून आपोआप निघेल. पायथनमधील ‘फास्टएपीआय’ ही २०१८ पासूनची चौकट याचे उत्तम उदाहरण. तिच्यात कोड लिहिला की स्पेक तयार होते आणि स्वॅगर यूआय व रिडॉक या दोन्हींची पाने काहीही वेगळे न करता मिळतात.

लहान गटासाठी दुसरा मार्ग सोयीचा. एपीआय बाहेरच्या अनेक संस्थांना वापरायचे असेल, तर पहिला. ब्रिटनमध्ये बँकांची माहिती ग्राहकाच्या संमतीने इतरांना खुली करण्याचे ‘ओपन बँकिंग’ धोरण आले, तेव्हा नऊ मोठ्या बँकांना एकाच नमुन्याने एपीआय द्यायचे होते. प्रत्येक बँकेने आपापला कोड लिहून त्यातून स्पेक काढली असती, तर नऊ वेगवेगळ्या स्पेक झाल्या असत्या. तिथे समाईक स्पेक आधी प्रसिद्ध करणे भागच होते.

आपोआप पाने बनवणारे साधन टिकणार का, हेही महत्त्वाचे. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये अनेक वर्षे नव्या एपीआय प्रकल्पासोबत ‘स्वॅशबकल’ हे समुदायाने चालवलेले साधन आपसूक मिळत असे. त्याची देखभाल मंदावल्याचे कारण देत २०२४ मध्ये आलेल्या डॉटनेट ९ मधून ते वगळण्यात आले. स्पेक बनवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने स्वत: दिली, पण पाने दाखवणारे साधन ज्याचे त्याने निवडायचे, असे ठरले. ज्यांची स्पेक शाबूत होती, त्यांना पाने दाखवणारे दुसरे साधन जोडणे अवघड गेले नाही.

‘डॉक्स ॲज कोड’ हा काय प्रकार आहे?

डॉक्युमेंटेशनही कोडसारखेच हाताळायचे, अशी ही पद्धत. मजकूर मार्कडाऊनसारख्या साध्या स्वरूपात, कोडच्याच शेजारी गिटमध्ये ठेवायचा. कोडमधला बदल आणि मजकुरातला बदल एकाच वेळी तपासणीला द्यायचा. कुणी कधी काय बदलले याचा इतिहास आपोआप राहतो. ‘स्पेक्ट्रल’सारखे साधन स्पेकमधल्या त्रुटी दाखवते, उदाहरणार्थ एखाद्या रकान्याचे वर्णन रिकामे राहिले आहे. ‘वेल’ हे साधन लिखाणातली शैली आणि ठरवलेल्या संज्ञा तपासते. ‘स्केमाथेसिस’ स्पेक वाचून चालू सर्व्हरला प्रत्यक्ष विनंत्या पाठवते आणि सर्व्हर स्पेकप्रमाणे वागतो का, ते पडताळते. पैसे देणारे सॉफ्टवेअर प्रकाशित होण्याआधी ही तपासणी नापास झाली, तर प्रकाशनच थांबवता येते.

या पद्धतीची एक किंमत आहे. गिट, शाखा, विलीनीकरण या गोष्टी प्रोग्रॅमरच्या हातखंडा असल्या, तरी ग्राहक साहाय्य विभागातील कर्मचाऱ्याला त्या जड जातात. ग्राहक नेमके कुठे अडतात हे खरे तर याच विभागाला ठाऊक असते. त्यांना लिहिताच येणार नसेल, तर डॉक्युमेंटेशनमधून तेवढे शहाणपण वजा होते. म्हणून काही तयार सेवा दुहेरी सोय देतात. लिहिणाऱ्यासाठी वर्डसारखा संपादक आणि मागे गिटमध्ये साध्या फाइल्स. कोण लिहिणार, हे आधी ठरवून मगच साधन पाहावे, असे म्हणतात ते यामुळेच.

तयार सेवा घेतली तर धोका काय?

तयार सेवेमुळे वेळ वाचतो, हे खरे. दोन-तीन जणांच्या गटाने स्वत:चे संकेतस्थळ, शोधयंत्र, जुन्या-नव्या आवृत्त्यांची पाने सांभाळत बसण्यापेक्षा दरमहा पैसे भरणे परवडते. पण सेवेच्या अटी सेवा देणारा ठरवतो, हे लक्षात ठेवावे लागते. २०२३ या एका वर्षात त्याची तीन उदाहरणे दिसली. पोस्टमनने खात्याशिवाय स्थानिक पातळीवर काम करू देणारी ‘स्क्रॅच पॅड’ ही सोय बंद करण्याचे जाहीर केले आणि विनंत्यांचे संग्रह ठेवण्यासाठी खाते उघडणे आवश्यक झाले. सप्टेंबरमध्ये ‘इन्सॉम्निया’ या तशाच साधनाच्या आठव्या आवृत्तीने खाते सक्तीचे केले. वापरकर्ते नाराज झाल्यावर स्थानिक साठवणुकीचे पर्याय परत द्यावे लागले. ऑगस्टमध्ये ‘स्टॉपलाइट’ ही एपीआय आरेखन व डॉक्युमेंटेशनची कंपनी स्मार्टबेअरने विकत घेतली.

यात कुणी नियम मोडला असे नाही. कंपन्या विकल्या जातात, धोरणे बदलतात. पण ज्या बँकेला वा रुग्णालयाला आपली अंतर्गत माहिती बाहेरच्या सर्व्हरवर ठेवण्यास मनाई असते, तिच्यासाठी खाते सक्तीचे होणे म्हणजे रातोरात साधन बदलणे. त्यामुळे करार करण्याआधीच बाहेर पडण्याचा रस्ता पाहून ठेवावा. सगळा मजकूर साध्या फाइल्समध्ये उतरवून घेता येतो का? चित्रे सोबत येतात का? जुने दुवे नव्या पत्त्याकडे वळवता येतात का?

सर्व प्रकारच्या एपीआयला एकच साधन चालते का?

नाही. ओपनएपीआय हा नमुना वेबवरच्या नेहमीच्या विनंती-उत्तर पद्धतीसाठी आहे. फेसबुकने २०१५ मध्ये खुल्या केलेल्या ‘ग्राफक्यूएल’मध्ये एपीआय स्वत:च आपली रचना सांगते. तिथे ‘ग्राफिकल’सारखे साधन ती रचना वाचून दाखवते. गुगलच्या ‘जीआरपीसी’मध्ये वर्णन ‘प्रोटोकॉल बफर’च्या फाइल्समध्ये असते आणि डॉक्युमेंटेशन त्यातील शेऱ्यांवरून बनवावे लागते. शेअर बाजारातील भाव वा वाहनाची स्थिती सतत ढकलणाऱ्या संदेशप्रणालीसाठी ‘असिंकएपीआय’ हा वेगळा नमुना आहे. एका कंपनीत हे सारे प्रकार एकत्र असू शकतात. अशा वेळी सगळ्यांवर एकच साधन लादण्यापेक्षा प्रत्येकाचा संदर्भ योग्य साधनाने बनवून तो एकाच संकेतस्थळावर मांडणे व्यवहार्य ठरते.

जुन्या डॉक्युमेंटेशनचा सुरक्षेशी काय संबंध?

एपीआय सुरक्षेच्या धोक्यांची यादी करणाऱ्या ‘ओवॅस्प’ या संस्थेच्या २०२३ च्या यादीत नववा धोका नोंदींच्या ढिसाळपणाचा आहे. कोणते एंडपॉइंट चालू आहेत, कोणती आवृत्ती निवृत्त झाली, याची नीट नोंद नसेल, तर विसरलेला दरवाजा उघडाच राहतो. ऑस्ट्रेलियातील ‘ऑप्टस’ या दूरसंचार कंपनीतून सप्टेंबर २०२२ मध्ये सुमारे ९५ लाख आजी-माजी ग्राहकांची माहिती चोरीला गेली. तेथील दळणवळण नियामकाने न्यायालयात मांडलेल्या म्हणण्यानुसार, कोडमधील चुकीमुळे प्रवेशाची तपासणी निकामी झाली होती. मुख्य पत्त्यावर ती चूक दुरुस्त केली गेली, पण वापरात नसलेल्या दुसऱ्या पत्त्यावर तशीच राहिली. डॉक्युमेंटेशनचे साधन अशी चोरी थांबवू शकत नाही. मात्र कोणती स्पेक कोणत्या पत्त्यावर लागू आहे, हे यंत्राला वाचता येईल अशा रूपात नोंदलेले असेल, तर प्रत्यक्ष चालू असलेले पत्ते आणि नोंदीतले पत्ते यांचा ताळा घेता येतो. कुणाच्या तरी लॅपटॉपवर पडलेल्या वर्ड फाइलवरून तो घेता येत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे काय बदलले?

आता डॉक्युमेंटेशन माणसासोबत यंत्रही वाचते. प्रोग्रॅमर चॅटबॉटला विचारतो, आणि चॅटबॉट डॉक्युमेंटेशन वाचून कोड लिहून देतो. जुनी आवृत्ती संकेतस्थळावर तशीच राहिली, तर यंत्र बेधडक जुना रकाना वापरते. अशा यंत्रांना महत्त्वाची पाने सापडावीत म्हणून संकेतस्थळावर साध्या मजकुराची एक मार्गदर्शक फाइल ठेवण्याची सूचना जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये मांडली. अनेक तयार सेवांनी ती सोय दिली आहे. लिहिण्याच्या कामातही यंत्र मदत करते. उदाहरणे तयार करते, भाषा सुधारते. पण रक्कम पैशांत आहे की रुपयांत, हे त्याला कुणी सांगितले नसेल, तर ते तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचे लिहू शकते. त्यामुळे स्पेकमधला मूळ तपशील अचूक असणे पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे झाले आहे.

भारतात या विषयाचे महत्त्व का?

केंद्र सरकारने २०१५ मध्येच सरकारी विभागांसाठी खुल्या एपीआयचे धोरण जाहीर केले. ग्राहकाच्या संमतीने त्याची आर्थिक माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे नेणाऱ्या ‘अकाऊंट ॲग्रिगेटर’ व्यवस्थेसाठी रिझर्व्ह बँकेच्या ‘रिबिट’ या तंत्रज्ञान कंपनीने एपीआयची समाईक स्पेक प्रसिद्ध केली. अनेक बँका, विमा कंपन्या आणि लहान वित्ततंत्रज्ञान कंपन्या त्याच कागदावरून काम करतात. त्यातले एक संदिग्ध वाक्य प्रत्येकाने वेगळ्या अर्थाने घेतले, तर जोडणी बसत नाही आणि कर्जाचा अर्ज केलेला ग्राहक ताटकळतो. पोस्टमनची सुरुवातही बेंगळूरुत झाली. अभिनव अस्थाना यांनी २०१२ मध्ये क्रोम ब्राउझरची जोडणी म्हणून ते बनवले होते. पुणे, हैदराबाद, बेंगळूरु इथल्या कंपन्यांमध्ये तांत्रिक लेखन हा पूर्ण वेळ व्यवसाय आहे. साधनाचे बटण कुठे आहे, यापेक्षा स्पेक वाचता-लिहिता येणे आणि गिट हाताळता येणे हे त्यातले टिकाऊ कौशल्य. साधन बदलले तरी ते बदलत नाही.

मग निवड करायची कशी?

जाहिरातीतली वैशिष्ट्ये मोजण्यापेक्षा लहानशी चाचणी घेणे उत्तम. स्वत:च्या एपीआयमधला सर्वांत किचकट एंडपॉइंट निवडावा. सोपा नको, कारण सोपा कोणत्याही साधनात छान दिसतो. त्याचा संदर्भ आणि त्यासोबत ‘परतावा कसा द्यावा’ यासारखे एक मार्गदर्शक पान दोन-तीन साधनांत तयार करून पाहावे. मग कोडमध्ये मुद्दाम एक रकाना बदलावा आणि पान आपोआप बदलते, किमान इशारा देते, की मुकाट्याने जुनेच दाखवत राहते, ते बघावे. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या प्रोग्रॅमरला ते पान देऊन पहिली यशस्वी विनंती पाठवायला किती वेळ लागतो, ते मोजावे. मोबाइलवर आणि धीम्या नेटवर पान उघडून पाहावे. शेवटी सगळा मजकूर साधनातून बाहेर काढून दुसऱ्यात भरून पाहावा. हे शेवटचे पाऊल बहुतेक जण टाळतात, आणि पुढे तेच महागात पडते.

एका प्रोग्रॅमरच्या लहान प्रकल्पाला मोफत स्वॅगर यूआय आणि चार मार्कडाऊन फाइल्स पुरतात. शंभर भागीदार जोडणाऱ्या बँकेला आवृत्त्या, परवानग्या आणि स्वत:च्या सर्व्हरवर ठेवण्याची सोय लागते. उत्तर वेगवेगळे येईल, पण स्पेक खुल्या नमुन्यात आणि स्वत:च्या ताब्यात ठेवणे दोघांनाही लागू आहे. तेवढे सांभाळले, तर आज घेतलेले साधन उद्या बंद पडले तरी नवे जोडण्यास काही दिवस पुरतात. ते सांभाळले नाही, तर सगळे लिखाण पहिल्यापासून करावे लागते. तोवर जुन्या पानावर विसंबून राहिलेल्या प्रोग्रॅमरची चूक शेवटी कुणातरी ग्राहकाच्या खात्यात दिसते.